मिस्त्रींनी बसवलेली सीलं

मिस्त्रींच्या तोंडाचा पट्टा एके काळी गॅरेजचं शटर वर गेलं की सुरू व्हायचा. पान्यावर चिडायचे, गाडीवर चिडायचे, गाडीच्या मालकावर तर हमखास. धाकट्या भावाला काम शिकवलं तेही टपल्या मारमारून. "अरे ठोंब्या, अ‍ॅक्सलच्या टोकाला दाते असतात ना? तेल अडवणाऱ्या नव्या सीलमधून तो आत घालण्याआधी दात्यांवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळ. दाते पलीकडे गेले की पट्टी ओढून घे. नाहीतर रबराची कड फाटेल आणि तेल गळेल. शिरलं का टाळक्यात?"

आणि गेल्या वर्षी ती पट्टी विसरले कोण? मिस्त्रीच! फोनवर कोणाला तरी शिव्या घालत होते, त्या नादात अ‍ॅक्सल तसाच आत ढकलला. दगडाच्या खाणीतली, चढउतारावर पळणारी, जाड चाकांची उघडी गाडी, एटीव्ही होती ती. सीलची कड फाटून पुढच्या गिअरचं तेल हळूहळू गळून गेलं, भर उतारावर पुढची चाकं जाम झाली, गाडी उलटली आणि ती चालवणारा खाणीचा सुपरवायझर खाली आला. वाचला बिचारा, पण पाय अधू झाला तो झालाच.

त्या दिवसापासून मिस्त्रींची वाचाच बसली. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा सुधारला. डोंबल सुधारला! आतून खचला होता माणूस. मात्र एक हट्ट सोडला नाही, पुढच्या अ‍ॅक्सलची सीलं तेच बसवणार. हे काम हातचं गेलं तर आपण गॅरेजात नुसती खुर्ची अडवून बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हात अजून चालतो, एवढं कुणीतरी म्हणावं म्हणून जीव तळमळायचा. पण विचारणार कुणाला?

आज खाणीतली दुसरी एटीव्ही पुढची सीलं बदलायला आली. मिस्त्रींनी चाक उतरवलं, हिसका देऊन अ‍ॅक्सल बाहेर काढला, जुनं सील उचकटलं. जागा फडक्याने पुसपुसून लख्ख केली. नवं सील पाइपाच्या तुकड्याने हलक्या हाताने चहूबाजूंनी ठोकत बसवलं, कडेला तेलाचं बोट लावलं, पट्टी गुंडाळली, अ‍ॅक्सल आत, पट्टी बाहेर. दुसरी बाजूही तशीच. तेल भरून चाकं फिरवून पाहिली. थेंब नाही.

"दे पाठवून," म्हणत ते जेवायला निघाले.

"सावकाश जेव रे दादा, घाई नको," धाकटा म्हणाला. हल्ली तो रोजच असं म्हणायचा. किती जीव लावतो, म्हणून मिस्त्री बायकोजवळ त्याचं कौतुक करायचे.

आज नेमकी बायको बहिणीकडे गेलेली, घराला कुलूप, आणि किल्ली गॅरेजात खुंटीवरच्या शर्टात. चडफडत परत आले, तर एटीव्हीचं चाक खाली, अ‍ॅक्सल फडक्यावर आणि धाकटा तोंडात बॅटरी धरून वाकलेला.

"काय झालं? गळालं?"

धाकट्याच्या तोंडातून बॅटरी पडली. "नाही दादा. काही नाही."

"मग चाक काय हवा खायला काढलंस?"

"बघत होतो... नुसतं."

मिस्त्री कण्हत खाली बसले. बॅटरी उचलून तिचा झोत सीलच्या कडेवर गोल फिरवला. कड शाबूत, साधा ओरखडा नाही. त्यांना हायसं वाटलं आणि मग आपल्याला हायसं वाटल्याचाच संताप आला.

"आजच बघितलंस?"

धाकटा मान वर करेना. "प्रत्येक वेळी. तू जेवायला गेलास की."

मिस्त्रींनी बॅटरी विझवली. "किती खराब निघाली?"

"एकही नाही. आईशप्पथ दादा, सगळी एक नंबर."

"मग उघडतोस कशाला, गाढवा?"

"उघडून बघितल्याशिवाय झोप लागत नाही मला. तो माणूस रोज दारावरून लंगडत जातो."

सगळी एक नंबर! वर्षभर जे ऐकायला कान आसुसले होते, ते हे असं ऐकायला मिळालं. चांगली शंभर शिव्यांची माळ जिभेवर आली होती, पण एकही बाहेर पडेना. पोराचं चुकलं तरी काय होतं? तेच तर जास्त झोंबत होतं.

धाकट्याने अ‍ॅक्सल उचलला, दात्यांवर पट्टी गुंडाळली आणि त्यांच्यापुढे धरला. "दादा, तूच बसव ना."

"कशाला?" मिस्त्री म्हणाले. "परत उघडायला?"