अंगात शिरलेलं गेट

"बिल दाखवा."

पॅडचं बिल. शिफ्ट सुटलेली, मी गोडाऊनच्या गेटावर टेबलासमोर उभी. माझी पारदर्शक पिशवी टेबलावर उलटी केलेली. डबा, पाण्याची बाटली, कंगवा, आवळासुपारीची पुडी आणि भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पॅड. गोडाऊनच्या कामगारांनी सगळं पारदर्शक पिशवीतच आणायचं, गुंडाळलेलं काही आणायचं नाही, असा नियम. म्हणून लेडीज गार्डने फडकं सोडलं. सरिता तिचं नाव, पडघ्याचीच पोर. पॅड ट्यूबलाइटखाली उघडं पडलं आणि बाजूच्या रांगेतले सगळे पुरुष एकदम छताकडे बघायला लागले. छतावर पत्र्याशिवाय काही नव्हतं.

शिफ्ट इनचार्ज आले. तिशीतला माणूस. नीटनेटका, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी पेनाच्या टोकाने पॅड उलटं करून बघितलं.

"ही कंपनी आपल्याकडे रॅकवर आहे."

"मी बी तीच वापरते, साहेब."

"बिल?"

आता मला सांगा, जगात कुठली बाई पॅडचं बिल जपून ठेवते? साहेबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "वापरता, तर आत्ता अंगावर पण हेच असेल ना?" आणि सरिताकडे वळले. "आत नेऊन बघून घ्या."

आत म्हणजे पत्र्याची केबिन. दाराला पडदा. मी साडी वर केली. सरिताने अर्धी मान वळवून बघितलं. मग पडद्याबाहेर तोंड काढून ओरडली, "सेम है, सर!"

"ठीक आहे. जाऊ द्या." मी बाहेर आले तेव्हा साहेब मऊपणे म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. प्रोसेस आहे." आणि खांद्याला चामड्याची काळी बॅग लावून ऑफिसच्या गेटने निघून गेले. तिथल्या गार्डने त्यांना सलाम ठोकला.

मला राग आला, असं लिहिलं तर शोभून दिसेल. नाही आला. काहीच आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. तसं सगळं अंग झालं होतं.

मग मी काय केलं? बसमध्ये साहेबांची नक्कल केली!

अंबाडीच्या आसपास मला नकलांसाठीच ओळखतात. सरपंच, सासूबाई, नवसाला न पावलेला देव, सगळे माझ्या अंगात येतात. त्या दिवशी कंगव्याचा पेन केला, नाकपुड्या आत ओढल्या आणि आवळासुपारीची पुडी टोकाने उलटीपालटी करून विचारलं, "बिल?" बस खदखदली. मग पदराचा पडदा करून त्यातून तोंड काढलं, "सेम है, सर!" एक बाई पोट धरून म्हणाली, "मेले गं बाय, पुरे कर!" महिनाभर गोडाऊनात तेच चाललं. कुणी खोक्याला लेबल लावलं की पलीकडून आवाज, "सेम है, सर!" मी सगळ्यात मोठ्याने हसायचे.

पण दुकानात गेले की हात अडायचा. साबण उचलायचा आणि आधी आठवायचं, हा आपल्या रॅकवर आहे का? असेल तर ठेवायचा खाली. पावडर तशीच. बिस्किटंसुद्धा. वाणी विचारायचा, "काय वहिनी, रोज नवीन कंपनी?" मी म्हणायचे, "चव बदलते." घरातल्या मोरीतल्या साबणाचा रंग गोडाऊनच्या गेटाने ठरवला आणि मला वाटत राहिलं, मी ठरवते. कामावर पाणी कमी प्यायला लागले, म्हणजे गेटातून बाथरूमला जायला कमी लागेल. ब्लाउजचे हूक काढून प्लास्टिकची बटणं लावली, म्हणजे झडतीत गार्डच्या हातातलं यंत्र वाजणार नाही. मुलगी म्हणाली, "आई, ही काय फॅशन?" मी म्हटलं, "गार वाटतं."

आणि तेच पॅड. दुकानात तो माल होता. घरात गरज. गेटावर चोरी. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त दुसऱ्या कंपनीचं घ्यायला लागले.

मग भावाच्या मुलाचं लग्न आलं. पडघ्याला हॉल घेतलेला. मी ठेवणीतली साडी नेसले, गजरा माळला, मुलीला घेऊन ऐटीत निघाले. हॉलच्या दारात एक दरवान उभा केलेला. लाल कोट, पिवळा फेटा, मिशा चिकटवलेल्या. आम्हाला बघून तो कमरेत वाकला, हात जोडले.

मी पाय फाकवले आणि दोन्ही हात वर केले.

मी केलं असं म्हणवत नाही. झालं. कोटाला बटणं दिसली, दार दिसलं आणि हात आपसूक वर. गजरा एका बाजूला लोंबतोय, साडीची पिन ताणलेली, मी झडतीला उभी. भाच्याच्या लग्नात. दरवान बिचारा वाकलेलाच राहिला. त्याला कळेना, सरळ व्हायचं की नाही.

अख्खा मांडव हसला. "आत्या सुरू झाली!" भाऊ म्हणाला, "अगो बाय, आत तरी ये, मग कर नक्कल!" मीही हसले. हात तसेच ठेवून गोल फिरले, कंबरही हलवली. टाळ्या पडल्या.

मुलगी हसली नाही. ती भिवंडीच्या कॉलेजात जाते. तिने माझा दंड धरला आणि हळू म्हणाली, "आई, तू नक्कल करत नव्हतीस."

झिणझिण्या आलेला पाय मोकळा होतो तेव्हा आधी दुखतो. मी जेवले नाही. पोट बरं नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली. रांग. माझा नंबर आला. पिशवी सरितासमोर टेबलावर ठेवली.

"मावशी, हात."

"न्हाय."

"काय न्हाय?"

"हात वर करनार न्हाय."

मागे खसखस पिकली. "चालू झाली मावशी!" "साहेबांचं कर गं!" मी त्यांना इतकं हसवलं होतं की माझा नकारही त्यांना खेळ वाटला. खरं कसं बोलायचं हे मला आठवेना. म्हणून नुसती उभी राहिले. तोंडावर काही आणलं नाही. हसणं एकेकीचं थांबत गेलं. मग चिडचिड. "ए बाय, बस सुटंल! पोर एकलं हाय माझं घरात!" तिचं खरं होतं. बस कुणासाठी थांबत नाही.

साहेब आले. खांद्यावर बॅग.

"मावशी, काही लपवायचं आहे का?"

"हाय ना. अंग हाय माझं."

कुणी हसलं नाही.

"हे बघा, पद्धत सगळ्यांना सारखी आहे."

"मग ठेवा तुमची बॅग टेबलावर. पयली तुमची, मग माझी."

त्यांनी आपल्या बॅगेकडे बघितलं. ती तिथे आहे हे त्यांना आत्ताच कळल्यासारखं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या 'सगळ्यां'मध्ये तो स्वतः कधी आलाच नव्हता.

"उद्यापासून येऊ नका." आवाज तसाच मऊ.

सरिताचा हात टेबलावरच राहिला. तिने मला तशीच बाहेर सोडली. मी वळून बघितलं. माझ्या मागच्या बाईने कुणी सांगायच्या आधीच हात वर केले होते.

काल संध्याकाळी, आम्हाला गोडाऊनात कामाला लावणारा ठेकेदार घरी आला. ओळखीतलाच. खुर्ची मागून घेतली, चहा घेतला.

"वहिनी, तुमचं काम चोख. साहेबांशी बोललोय मी. परवापासून या. ऑफिसच्या गेटने जायचं-यायचं. तुम्हाला कोन हात लावनार न्हाय. पिशवी तुमची कसलीबी चालंल. फक्त रांगेत जाऊन काय बोलायचं न्हाय."

आमच्या मालकांनी, मुलीच्या बापाने, माझ्याकडे बघितलं. पाठ गेल्यापासून ते घरीच असतात. मुलीची फी तोंडावर आहे. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं.

मी ते सगळं डोळ्यांसमोर आणून बघितलं. खोटं कशाला बोलू, छान दिसत होतं. कापडी पिशवी, ऑफिसचं गेट, गार्डचा सलाम मलाही. आणि पलीकडे जाळीच्या आड रांगेतल्या त्या बाया, हात वर करून. पहिले काही दिवस मी मान खाली घालून जाईन. मग एक दिवस सहज मान वर करून बघेन आणि वाटेल, एवढं तपासतात म्हणजे काहीतरी असेलच. मी स्वतःला ओळखते. ज्या अंगाने दरवानापुढे हात वर केले, ते अंग सलामाचीही सवय लावून घेईल. वेळ लागणार नाही.

"न्हाय," मी म्हटलं.

"वहिनी, समजून घ्या. बाहेर रांग लागलीय कामाला."

"ठाव हाय. साहेबांना सांग, मी परवा येनार. रांगेच्याच गेटाने. पिशवी बघायची तर बघा, साहेबांची बघाल तशी. अंगाला हात लावू देनार न्हाय, माझ्या न्हाय आणि माझ्यासमोर दुसरीच्या न्हाय."

"आनि अडवलं तर?"

"अडवू दे. तेरवा परत येईन."

तो मालकांकडे बघत राहिला, की हे काही बोलतील. त्यांनी त्याच्या पुढ्यातला कप माझ्याकडे सरकवला. मी कप उचलला आणि दार उघडून धरलं.