पायाखाली आलेला अँटेना

सज्जनहो, आज सायंकाळी घडलेला प्रसंग निवेदन करतो.

माझी सून हुमनाबादच्या शाळेत विज्ञान शिकविते. उद्याच्या प्रदर्शनासाठी तिने कागदाचे चांद्रयान रचले. परंतु त्याचा नखाएवढा अँटेना हरवला. भाग कापून घ्यायचा छापील कागद एकच होता, त्यामुळे दुसरा करता येईना.

"राहू द्या मामा, तसंच नेते," ती हिरमुसून म्हणाली.

मी संध्येसाठी उठलो, तोच पायाखाली कागदाचा कपटा आला. सरस्वतीला पाय लागला, म्हणून तो उचलून डोळ्यांना लावला.

"मामा, त्योच की तो. पाया कामून पडायलाव त्याच्या?"

"याचे काम काय, ते आधी सांग."

"ह्याच्याबिगर यान तिकडून बोलंल कसं?"

मी वाणीच्या देवतेला वंदन केले होते आणि हाती यानाची वाणीच आली होती.

पुढचे विचारले, तर अँटेना चिकटवून सून म्हणते, आधी डिंक वाळू द्या. तोवर जाणकारांनी सांगावे: इतक्या दुरून तो शब्द पृथ्वीवर पोहोचतो तरी कसा?