साडूभाऊंची पाण्यातली बाग

पाणी पाहून ज्याला तहान, आंघोळ किंवा पोहणं यांपैकी काहीच आठवत नाही, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा साडू होता. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे, वाशीतल्या एकाच इमारतीत राहणारे. ते दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं, वाशीत माणसांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि साडूभाऊ बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी चार फुटी काचेची टाकी होती. वर ट्यूबलाइट, आत हिरव्या फितींसारखी लांब पानं, तांबूस झुडपं, वाळूतून डोकं काढणारे कोंब, आणि मासा एकही नाही. पाहुणा वाकून वाकून शोधायचा आणि शेवटी विचारायचा, "मासे कुठे आहेत?" "मासे बघायचे तर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जा," साडूभाऊ म्हणत, "तिथे ताजे मिळतात." मासे पानं कुरतडतात, म्हणून त्यांच्या लेखी मासा आणि उंदीर एकाच जातीचे. एकदा त्यांच्या साहेबांनीच हौसेने दोन सोनेरी मासे भेट आणले. साडूभाऊंनी त्यांचं तोंडभर स्वागत केलं आणि साहेबांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज येताच ते बादलीत घालून आमच्याकडे आणून सोडले.

नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. पहिल्या दोन बादल्या झाडांच्या, उरलेल्यात माणसांनी भागवायचं. "आंघोळीला पाणी हवं असेल तर मला त्या शेवाळ्याची परवानगी काढावी लागते," माझी मेहुणी म्हणायची, आणि आतून लगेच आवाज येई, "शेवाळं नाही, वॅलिस्नेरिया!" कलकत्त्याहून, केरळातून त्यांचे कोण कोण पत्रमित्र ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून रोपं पाठवत. पोस्टमन जिन्यातूनच ओरडे, "साहेब, तुमचं पत्र गळतंय!" चिपळूणला आमच्या चुलत मेहुणीच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी हे नाहीसे झाले. पंगत बसताना उगवले ते गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट आणि हातात पेढ्यांचा खोका घेऊन. सासऱ्यांनी कौतुकाने खोका उघडला. आत चिखल होता, आणि चिखलात ओढ्यातून उपटलेली तीन रोपं. सासरे पुढे वर्षभर त्यांच्याशी मोजकंच बोलले. साडूभाऊंच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच सुमारास नव्या वस्तीसाठी गावोगावची तळी बुजवायला लागले होते. कोपरखैरण्याच्या बाजूला एका तळ्यात पांढरी कुमुदं फुलायची, पाकळीच्या टोकाला पुसट गुलाबी छटा असलेली. तशी त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. तिथे भराव पडणार असं कळलं तेव्हा त्यांनी रजा टाकली आणि मलाही ओढून नेलं. पँट दुमडून ते पाण्यात शिरले. काठावर एक म्हातारी टोपली टेकवून बघत होती. "तिकडं नको जाव, पानी खोल हाय. कांदे हिकडं हायेत," ती म्हणाली, आणि मग, "खानार काय?"

"नाही आजी, लावणार."

"घरात?" म्हातारी हसून हसून खाली बसली. पण नंतर स्वतःच पाण्यात उतरली आणि तिने आठ कंद काढून दिले. पंधरा दिवसांत तिथे तळं नव्हतं, मातीचा ढीग होता. कुमुदं मात्र आमच्या गच्चीवर सिमेंटच्या तीन टबांत फुलली. साडूभाऊ सकाळी कचेरीला जाण्याआधी त्यांना भेटून येत. ‘भेटून’ हाच त्यांचा शब्द.

मग सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या छताला ओल आली. त्या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. वकील म्हणाले, "हे तुमच्या साडूंच्या टबांमुळे. आता बघू तुम्ही काय करता." ते शब्द मला झोंबले. नातेवाइकाला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून कुठलीही तपासणी न करता मी आठ दिवसांची नोटीस काढली आणि स्वतःच्या सहीने त्यांच्या दारात दिली. साडूभाऊंनी ती दोनदा वाचली.

"थंडीपर्यंत थांबता येईल का? पानं गळली की कंद झोपतात, मग कुठेही ठेवा. आत्ता हलवले तर कुजतील. घरात ऊन नाही."

"नियम सगळ्यांना सारखा, साडूभाऊ."

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मुदतीच्या दोन दिवस आधीच गच्ची रिकामी केली. कंद बादल्यांतून न्हाणीघरात नेले, तिथे दोन बल्ब लावले, मेहुणी पंधरा दिवस शेजारणीकडे आंघोळीला गेली. एकेक करून आठही कुजले. पाऊस संपला तरी वकिलांचं छत गळतच होतं. प्लंबर आणला तर पाण्याच्या टाकीचा पाइप तडकलेला निघाला.

मी वर गेलो. "माझी चूक झाली" हे वाक्य जिन्यात घोकत गेलो होतो. तोंडातून निघालं ते असं: "टब परत ठेवायला सोसायटीची आता हरकत नाही."

"टब ठेवतो," साडूभाऊ शांतपणे म्हणाले. "त्यात घालू काय?" आणि मला चहा पाजला.

पाच-सहा वर्षांनी त्यांचे गुडघे धरले. एका हिवाळ्यात मीच म्हटलं, चला, रोह्याजवळच्या ओढ्यावर जाऊ. ते काठावर बसले, पाण्यात मी उतरलो. "पान धरून ओढू नका, मुळाखाली हात घाला," ते ओरडत होते. मी मोठ्या अभिमानाने एक जुडगा वर आणला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. "हे गवत आहे," ते म्हणाले, आणि तरी ते पाणी भरलेल्या पिशवीत घातलं.

एसटीत ती पिशवी मांडीवर धरून ते माझ्या शेजारी बसले. वर्षानुवर्षं अडलेलं बोलायला मी त्यांच्याकडे वळलो. "साडूभाऊ, ते टब—"

"खिडकी लावा हो," ते म्हणाले, "वाऱ्याने पिशवी हलतेय."

मी खिडकी लावली. पनवेल येईपर्यंत पिशवीखाली माझाही एक हात होता.