रिकाम्या जागेकडे धावलेला काशी

चरबी चोळलेले चेंडूचे ओले कातडे, त्याला चिकटलेली काळी माती आणि बंद गोदामातून झिरपत येणारा सरकीचा तेलकट, किंचित आंबूस दरवळ, या तिन्हींचा मिळून जो एक वास होतो तो कुठल्याही अत्तराच्या दुकानात मिळणार नाही, आणि मिळालाच तर दुकानदाराला मी स्वतः पोलिसात देईन. पण भाद्रपदातल्या एखाद्या संध्याकाळी, ऊन पिवळे आणि पातळ होऊन मेहरूणच्या तळ्यावर पसरलेले असताना, तो नुसता आठवला तरी माझ्या चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांना आपण तरुण असल्याचा भास होतो. गुडघे माझेच असल्यामुळे तो भास फार वेळ टिकत नाही.

हे लढाईच्या आधीचे दिवस. जळगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी कारकून होतो, माझा धाकटा भाऊ काशीनाथ गाठी बांधणाऱ्या प्रेसवर होता, आणि आमच्या अक्काचे यजमान, ज्यांना आम्ही दोघे दाजी म्हणत असू, ते हंगामात वजनकाट्यावर आणि एरवी मेहरूणच्या शिवारातल्या आपल्या तुकडाभर शेतात असत. पावसाळ्यात कारखाना बंद. छपराखालच्या कोळिष्टकांत गेल्या हंगामाचा कापूस अडकून राहिलेला असे आणि रिकामी माणसे त्याच्याकडे बघत विड्या ओढीत. ते पाहवेना म्हणून कारखान्याच्या म्हाताऱ्या इंजिनियरसाहेबांनी मुंबईहून एक फुटबॉल आणला, आणि बघता बघता आमचा संघ झाला. धावता न येणारा माणूस उभा कुठे करायचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी माझ्यामुळे निर्माण झाला आणि मला गोलात उभे करून सोडवण्यात आला. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आले, तेही साधारण अशाच रीतीने.

तर गोलात उभे राहिल्यामुळे एक फायदा झाला. चेंडू अडवण्यात मी फारसा गुंतलेला नसे, त्यामुळे खेळ पाहायला सवड मिळे. आमची माती काळी, पाऊस पडून गेला की लोण्यासारखी मऊ आणि खळीसारखी चिकट. तिच्यावर चेंडू घरंगळत नाही, जिथे पडेल तिथे हट्टी पोरासारखा बसून राहतो. म्हणून दाजींनी त्याला पायाच्या अंगठ्याने खालून उचलायची एक लकब साधली होती. ते धावल्याचे मला आठवत नाही. धोतराचा काचा मारून, शेतात पाण्याचे बारे धरावे तसे मैदानाच्या मध्यावर निवांत उभे राहत, आणि चेंडू जवळ आला की त्याला असे अलगद वर उचलीत की तो सगळ्यांच्या डोक्यांवरून, आकाशात थोडा विसावा घेऊन, डाव्या कोपऱ्यातल्या एका रिकाम्या जागेवर उतरे. तिथे कोणीच नसे. पण उतरायच्या क्षणी तिथे काशी असे. कुठून आला, कधी निघाला, ते प्रतिपक्षाला कळत नसे; मला कळे, कारण त्या आधी दाजींची हाक ऐकू येई.

हाक कसली, मेहुण्याने शालकाला मारायचा टोमणाच तो. "पय रे काशी!" पय म्हणजे पळ. "नवरदेवसारखा कसाले चाली राह्यना?" आणि वीस-बावीस वर्षांचा काशी वाऱ्यासारखा सुटता सुटता ओरडे, "दाजी, मनी बहीणना हातनी भाकर खातस, आन् चेंडू असा टाकतस?" मैदानाच्या कडेला हशा उसळे. अक्का लेकरू कडेवर घेऊन तळ्याच्या बांधावर उभी असे. आपल्या स्वयंपाकाचा उद्धार चारचौघांत दोन्हीकडून होताना ऐकून ती पदर तोंडाशी धरी, आणि तेवढ्यात गोल झालेला असे. दोघांच्या त्या वादावादीतच आमचा सारा खेळ चालत होता. पण हे ध्यानात यायला मला मुंबईला जावे लागले.

मुंबईच्या एका श्रीमंत गिरणीचा कापूसखरेदीदार नव्या हंगामाचा अंदाज घ्यायला आला होता. दोन अंगठ्यांत रुईचा पेळू ताणून तिच्या धाग्याची लांबी सांगणारा तो माणूस. त्याने आमचा एक सामना पाहिला, आणि गोल कोण मारतो एवढेच पाहिले. गिरणीचा संघ मुंबईत नावाजलेला. त्यांनी काशीला जो पगार देऊ केला, तो ऐकून आमचे वडील, आबा, म्हणाले, "एवढा पैसा पायले देतस, त डोकाले किती देत असतीन?" आणि माझ्या डोक्याकडे त्यांनी फार करुणेने पाहिले. काशी निघाला त्या दिवशी स्टेशनवर झेंडूचे इतके हार झाले की तिकिटबाबूने आत कोणी पुढारी आहे का म्हणून डोकावून पाहिले. दाजी मागे उभे होते. गाडी हलताना ते ओरडले, "पय आते!" आणि काशी खिडकीतून हसला.

पुढे वर्षभर काशीची पत्रे येत. त्यांत दुधाचे, बदामांचे, विलायती बुटांचे वर्णन असे. मी ती अंगणात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवी, स्वतःच्या पदरचे दोन गोल घालूनच. अक्काला वाचता येत नव्हते, म्हणूनच बहुधा तिला खरे ऐकू आले. पुढच्या श्रावणात ती म्हणाली, "नाना, हाऊ पोरगा बठ्ठं खावानंच लिखस. खेळनं काहीच नही. त्याले काहीतरी व्हयेल शे. तुम्ही दोन्ही जा आन् देखी या." मी तिचा पाठचा भाऊ, पण पोरांमुळे तीही मला नानाच म्हणे. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधली, दाजींना लग्नातला कोट घालायला लावला, आणि निघताना बजावले, "तथा साहेबलोक असतस. वरडू नका."

मुंबईचे ते मैदान मी जन्मात विसरणार नाही. इतके हिरवे, इतके सपाट, इतके स्वच्छ गवत, की त्यावर पाय ठेवण्याऐवजी हात जोडावेत. पाऊस नुकताच उघडलेला, ढगांच्या फटीतून उतरलेले ऊन ओल्या गवतावर दहिवरासारखे चमकत होते, आणि त्या साऱ्या वैभवाच्या कडेला, बाकावर, अंगाभोवती लोकरी शाल लपेटून आमचा काशी बसलेला होता. त्याचे गाल भरले होते. चेहऱ्यावर पाहुण्याकडे जेवून ताटासमोर संकोचून बसलेल्या माणसासारखा एक भाव होता.

सामना मैत्रीचा, बदली खेळाडू चालत असे; खेळ संपायला थोडा वेळ उरला असताना त्याला आत पाठवले. चेंडू त्याच्याकडे येई, नाही असे नाही. गवतावरून सरळ, सभ्यपणे, थेट पायाशी येई. सोबती त्याला 'मिस्टर पाटील' म्हणत. चुकला तरी कोणी रागावत नसे, जमले की "वेल प्लेड" म्हणत. आणि काशी प्रत्येक वेळी चेंडू पायाशी आल्यावर क्षणभर थांबे, मान किंचित कलती करून. स्वयंपाकघरातून कोणी हाक मारली का, हे ऐकायला माणूस थांबतो तसा. तेवढ्या क्षणात चेंडू कोणीतरी नेई.

माझ्या शेजारी दाजी मुठी आवळून बसले होते. अक्काचा शब्द त्यांनी बराच वेळ पाळला. मग मधोमध एका उंचपुऱ्या गोऱ्यापान खेळाडूकडे चेंडू गेला, डावा कोपरा मोकळा पडला, आणि दाजी लग्नातल्या कोटासकट उभे राहिले.

"पय रे काशी! नवरदेवसारखा काय उभा शे?"

सगळे मैदान वळून आमच्याकडे पाहू लागले. आणि काशी धावला. अंगावरचे वर्षभराचे दूध-बदाम झटकून तो असा धावला, की समोरचे दोघे जागच्या जागी गरकन फिरले. त्या हिरव्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर तो नेमक्या क्षणी पोचला आणि त्याने मान वर केली. आकाशात काहीच नव्हते. चेंडू भलतीकडेच, सभ्यपणे, उजवीकडे गेला होता. बिनचेंडूचा एवढा जिवाच्या आकांताने धावलेला माणूस पाहून लोक हसले. त्याच्याइतके सुंदर धावणे मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि ते सुंदर होते हे त्या हजारो माणसांत आम्हा दोघांनाच माहीत होते.

संध्याकाळी गिरणीच्या चाळींमागच्या मोकळ्या जागेत बसून आम्ही भाकरी सोडली. काशीने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावीत राहिला. मग म्हणाला, "साहेबनी आजच सांगं. पुढला साले संघमा जागा नही. कापडखातामा ठेवतीन."

जरा वेळाने दाजींनी कोट काढून माझ्या हाती दिला, धोतराचा काचा मारला आणि भिंतीशी पडलेल्या एका जुन्या चेंडूखाली अंगठा घातला. चेंडू उठला. काशी बूट काढून अनवाणी धावला. मग अंधार पडेपर्यंत ते दोघे होते आणि मी कोट सांभाळत होतो. दाजींनी काशीच्या पोटाचा विषय काढला, काशीने दाजींच्या टकलाचा. अक्काच्या भाकरीचा उद्धार झाला. आणि चेंडू दर वेळी आकाशात थोडा विसावून जिथे कोणी नाही तिथे उतरत होता, आणि तिथे काशी होता.

रस्त्यावर एक मोटार थांबली, ती माझ्या उशिरा ध्यानात आली. संघाचे चिटणीस उतरून आमच्याकडे आले. त्यांनी काशीकडे पाहिलेच नाही. पाहिले ते दाजींच्या अनवाणी पायाकडे.

"हे कोण? खेळतात?"

दाजींचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला. त्यांच्या एका हो म्हणण्याने ते संघात आले असते आणि त्यांच्या चेंडूवर काशीचीही जागा राहिली असती, हे मलाही कळले, म्हणजे ते फारच उघड होते. पण ते बोलण्याआधीच काशी मध्ये आला, दाजींकडे पाठ करून, चिटणिसांच्या पुढ्यात.

"आमचे मेहुणे आहेत, साहेब. शेती करतात. सहज गंमत म्हणून पाय मारला."

"पुन्हा एकदा मारून दाखवतील?"

"नाही साहेब. त्यांची गाडी आहे."

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

परतीच्या वाटेवर दाजी मनमाड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर ज्वारीची कोवळी ताटे वाऱ्याने एका अंगावर झुकत होती. मग ते म्हणाले, "तो बोलना ते बरं व्हयनं. तुनी बहीण, लेकरे, वावर. कोठे जाणार व्हतू मी?" आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. घरी अक्काने विचारले, "खेळना का तो?" दाजी म्हणाले, "खेळना. मस्त खेळना." त्या पावसाळ्यात ते मैदानावर आले नाहीत, शेतात काम आहे म्हणाले, आणि शेतात काम असतेच.

काशी अजून कापडखात्यात आहे. दिवाळीला येतो, तेव्हा अंगणात दाजींशी त्याची तीच वादावादी चालते, आणि भाचे मंडळी मला मुंबईची गोष्ट सांगायला लावतात. मीही सांगतो. मोटारीपर्यंत रंगवून सांगतो, तिथे काशीची तारीफ करतो, की बहिणीच्या संसारासाठी याने आपला खेळ सोडला. अक्का डोळे पुसते, दाजी सुपारी कातरत राहतात. एवढेच एक मी सांगत नाही, की काशी पाठमोरा होता म्हणून त्याला दिसले नाही, पण मी कोट धरून समोरच उभा होतो. दाजींचे ओठ तेव्हा उघडलेले होते, आणि तोंडावर असे काही उजळले होते जे मी अक्काच्या लग्नातही पाहिले नव्हते. हो म्हणायला ओठ उघडावे लागतात, तसे नाही म्हणायलाही लागतात. एवढ्या आधारावर मी इतकी वर्षे गप्प आहे, आणि सुपारीचा आवाज थांबला की अजूनही दाजींकडे बघायचे टाळतो.