चिखल्याच्या पायातलं कडं

तीस वर्षं ट्रक चालवून दत्तात्रेय ठाकूर धरमतरच्या खाडीकाठी आपल्या गावी परतले. घरचं मिठागर कधीच बंद पडलं होतं. ओहोटीला तिथं आता पक्षी उतरत. एका संध्याकाळी त्यांना चिमणीएवढा चिखल्या पक्षी दिसला. त्याच्या पायात पिवळं कडं होतं आणि त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं.

"काय लिवलंय आसंल?" घरी येऊन त्यांनी मुलीला, रुचिकाला विचारलं.

"फोटो काढा बाबा, मोठा करून वाचू."

मोबाइलमध्ये नुसता ठिपका आला. मग ते पेणला सुजितच्या स्टुडिओत गेले. त्याच्याकडे दोन जुने कॅमेरे विकायला होते.

"हा लांबचं जवळ आणतो काका, पण सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. ह्या दुसऱ्याचा मोठा, पण झूम कमी."

"सेन्सर म्हंजे?"

सुजितने दुसऱ्याची लेन्स काढून आतला चकचकीत चौकोन दाखवला. "उजेड ह्याच्यावर पडतो."

"आन मेगापिक्सेल?"

"दोघांचे सारखेच."

"मंग फरक कसला?"

"दोन्ही घेऊन जा. संध्याकाळी काढून बघा."

पहिल्या संध्याकाळी झूमवाल्याने पक्षी फोटोभर भरला. दत्तात्रेय खूश झाले. पण मोठा करून पाहिला तर अंधुक उजेडात सगळीकडे रवाळ दाणे, आणि कड्यावरचं अक्षर इंग्रजी आठ की बी, कळेना. दुसऱ्या संध्याकाळी मोठ्या सेन्सरचा फोटो स्वच्छ आला, चिखलावर उमटलेल्या नखांच्या खुणासुद्धा दिसल्या. फक्त पक्षी फार लहान.

"मंग आपुनच जवळ जायाला पायजे," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊन ऊन असतानाच बांधाआड जाऊन बसले. गुडघे आखडले, डास चावले, पण ते हलले नाहीत. पाण्याच्या कडेनं धावत चिखल्या दहा पावलांवर आला. फोटोत स्पष्ट वाचता आलं: बी सात.

रुचिकाने तो फोटो पक्षी-अभ्यासकांना पाठवला. आठवड्याने उत्तर आलं. कडं दोन वर्षांपूर्वी ह्याच खाडीच्या पलीकडच्या तीरावर घातलं होतं.

"म्हंजे गाववालाच की!" दत्तात्रेय हसले.

"नाही बाबा, उन्हाळ्यात उत्तरेला जातो, थंडीत परत येतो. मधे कुठं असतो, ते त्यांनाही माहीत नाही."

ते बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुजितकडून मोठ्या सेन्सरचा कॅमेरा विकत घेतला, आणि परतताना बांधावर बसायला एक पाट शोधत बाजारभर फिरले.