रेघ बारीकच हवी

भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या काकू माणसाला आधी समोरून बघत, मग अर्धी फेरी मारून बाजूनं बघत आणि तो खाली बसला की वरून बघत. दहावीनंतर आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली तेव्हा माझीही अशीच तपासणी झाली. "समोरून हुशार दिसतेस," काकू म्हणाल्या. "बाजूनं जरा पोक आहे. वरून भांग वाकडा. चालेल, ये उद्यापासून." आईला हा प्रकार अजिबात आवडला नाही. पण काकूंची सगळी नोकरी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली होती, आणि तीन बाजूंनी बघितल्याशिवाय कशाबद्दलही मत द्यायचं नाही ही तिथली शिस्त त्यांनी माणसांनाही लागू केली होती. पुतणीला आलेलं एक स्थळ त्यांनी म्हणे "समोरून ठीक आहे, बाजूनं बघायचं राहिलंय" एवढ्यावरच महिनाभर लोंबकळत ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर काकू घराच्या गॅरेजमध्ये फाउंडेशनचा क्लास घेत. दहावी झालेल्या आणि पॉलिटेक्निकात डिप्लोमाला जायची इच्छा असलेल्या मुलांचा पाया पक्का करायचा, एवढंच त्यांचं काम. दहावीत गणितानं मला दगा दिला होता, म्हणून एक वर्ष थांबून तयारी करायची असं घरी ठरलं. गॅरेजमध्ये आम्ही दहा-बारा जण, जुन्या दारांच्या फळ्यांची टेबलं आणि एका कोपऱ्यात काकूंची स्कूटर. मराठी बोलणारी मी एकटीच, बाकी सगळे हिंदीवाले. काकूंची हिंदी मात्र अशी होती की महिन्याभरात सगळा क्लास थोडं थोडं मराठी बोलू लागला. "पेन्सिल को टोक निकाल, लबाड!" हे ऐकून पहिल्या दिवशी बावरलेला इमरान पुढे स्वतःच नव्या मुलांना "टोक निकाला क्या?" असं दरडावायचा.

पहिला आठवडा आम्ही खरोखरच फक्त पेन्सिलीला टोक काढत होतो, तेही ब्लेडनं. गणित आणि विज्ञान सकाळी उरकायचं, मग ड्रॉइंग. प्रवेश परीक्षेत ड्रॉइंग नसतं, हे कुणीतरी धीर करून त्यांना सांगितलं. "परीक्षेत नसतं, पण पहिल्या सेमिस्टरला असतं, आणि तिथेच भल्याभल्यांचं घोडं अडतं," काकू म्हणाल्या. "मी तुम्हाला दारापर्यंत नाही, दाराच्या आत सोडणार आहे." टू-एचच्या टणक पेन्सिलीनं केसासारखी बारीक रेघ काढायची, असा त्यांचा दंडक. कुणी पेन्सिल दाबली की त्या म्हणत, "रेघेनं बोलायचं असतं रे, ओरडायचं नसतं."

दिवाळीच्या सुमारास काकू आमच्या ड्रॉइंगच्या शीट्स खिडकीपाशी नेऊन तपासू लागल्या. मग अंगणात. एकदा तर त्यांनी स्कूटर चालू करून तिच्या दिव्यासमोर शीट धरली. "तुमच्या भोपाळचा उजेडच कमी झालाय हल्ली," असं वर आम्हालाच ऐकवलं. खरं काय ते आम्हाला कळायला वेळ लागला नाही, कारण काकू फोनवर बोलत तेव्हा पलीकडचं बोलणंही अख्ख्या गॅरेजला ऐकू येई. त्यांचा मुलगा निखिलदादा पुण्याला असतो. तो म्हणत होता, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, गेलेली नजर परत येणार नाही. ज्या दिवशी शीट तपासता येणार नाही त्या दिवशी क्लास बंद आणि तू पुण्याला. तूच शब्द दिलायस." काकू ठसक्यात म्हणाल्या, "दिलाय ना? मग पाळीन. अजून दिसतंय मला."

क्लास बंद झाला तर आमचं वर्ष वाया गेलं असतं, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की काकूंकडून क्लास काढून घेतला तर त्या करणार काय, हे आमच्यापैकी कुणालाच सुचत नव्हतं. इमराननं बाहेर सायकली काढताना तोड सांगितली. "देखो यार, काकू को बारीक लाइन नहीं दिखती. तो अपन मोटी खींचेंगे. बस." दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी टू-एच दप्तरात टाकली आणि मऊ, काळ्याभोर टू-बी पेन्सिली काढल्या.

युक्ती चार दिवस झकास चालली. काकू खुर्चीतूनच शीट बघत आणि खूश होऊन म्हणत, "वा! आता कसं स्वच्छ दिसतंय." आम्ही एकमेकांना डोळे मारत होतो. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या शीटवरून सहज अंगठा फिरवला आणि तो समोर धरला. अंगठा काळा झाला होता. टू-एचची रेघ अशी हाताला लागत नाही, हे काकूंनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यांनी एकेकाची शीट मागवली आणि प्रत्येकीवर अंगठा फिरवला.

"ये किसने ठहराया?"

"सबने, काकूजी," इमरान म्हणाला.

मग जे सुरू झालं ते शेजारच्या बंगल्यातही ऐकू गेलं असणार. "माझ्या डोळ्यांसाठी तुम्ही तुमचे हात नासवताय? तिकडे पॉलिटेक्निकात अशी रेघ काढलीत तर शीट तोंडावर फेकतील! हाताला एकदा दाबायची सवय लागली की जात नाही, गाढवांनो!" रागात हिंदी कधीच मागे पडली होती, पण न समजलेलं कुणीच नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी पदरानं अंगठा पुसला, फोन लावला आणि आमच्यासमोरच म्हणाल्या, "निखिल, मला शीट तपासता येत नाहीये. शब्द पाळतेय. ये."

निखिलदादा रविवारी आला तेव्हा गॅरेज भरलेलं होतं, कारण काकूंनी तोवर वेगळाच बेत आखला होता. आता शीट बघायची नाही, ऐकायची. एकानं वस्तू हातात घेऊन ती कशी आहे ते बोलायचं, बाकीच्यांनी तिच्याकडे पाठ करून काढायचं. काकू डोळे मिटून बसत आणि बोलण्यातली चूक अचूक पकडत. "भोक म्हणालास. आरपार की अर्धं? कडेपासून किती लांब? मनातलं मला कसं कळणार?" त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती. निखिलदादालाही एक कागद देऊन बसवलं. वस्तू होती नळाची चावी. सगळ्यांच्या कागदांवर कमीअधिक नळाची चावी उतरली. निखिलदादाच्या कागदावर चहाची किटली निघाली. काकू पोट धरून हसल्या. दादानं मात्र किटली बाजूला ठेवून बाकीच्यांचे कागद एकेक करून बघितले. मग म्हणाला, "परीक्षेपर्यंत राहा. पण त्यानंतर एक दिवस जास्त नाही."

परीक्षा झाली. आमच्यातल्या बहुतेकांचे नंबर लागले. इमरानला आणि मला मेकॅनिकल मिळालं. काकूंनी दिलेला शब्द याही वेळी पाळला. हबीबगंज स्टेशनवर आम्ही त्यांना सोडायला गेलो. स्टेशनचं नवं नाव त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. गाडीत सामान लावताना त्या निखिलदादाला बॅगा कशा बसवायच्या ते शिकवत होत्या. गाडी गेली आणि आम्ही सगळे वेड्यासारखे प्लॅटफॉर्मवरच उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं अरेरा कॉलोनीत गेले. गॅरेजला कुलूप होतं. मला फार वाईट वाटलं. काकू आता पुण्याच्या कुठल्याशा फ्लॅटमध्ये नुसत्या बसून असतील, हा विचार कित्येक दिवस पाठ सोडेना.

पहिलं सेमिस्टर निम्मं झालं असेल. वर्कशॉपच्या पायऱ्यांवर डबा खात होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. एका मुलाचा बारीक आवाज. "ताई, मी काकूंच्या बिल्डिंगमधला. आम्ही पार्किंगमध्ये क्लासला बसलोय. काकू म्हणतात, तुमच्याकडे नवीन शीट्स असतात. एक सांगा ना, आम्ही काढतो."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"आज सात." मागून ओळखीचा आवाज आला, "तिला म्हणावं, सावकाश सांग, घाईची सवय आहे तिला!" तिकडे सात पेन्सिली थांबल्या होत्या. मी डबा बाजूला सारला, मांडीवर शीट पसरली आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.