ओस्तापचा हंगाम, शिवदासांचा अंगठा

ओस्ताप क्रावेत्स याची कारकीर्द कागदावर मांडायला सोपी आहे. युक्रेनमधले क्रेमेनचुक हे त्याचे गाव, उंची सहा फूट दहा इंच. विशीच्या आत तिथल्या क्लबातून खेळायला लागला. मग लात्व्हिया, रोमानिया, सायप्रस, जॉर्जिया, मंगोलिया आणि शेवटी सिंगापूर. परदेशातून आणलेल्या खेळाडूला क्लबवाले ‘इम्पोर्ट’ म्हणतात आणि मालासारखाच त्याचा विचार करतात: यंदा हा, पुढल्या वर्षी दुसरा. करार एका हंगामाचा. सिंगापूरला येईपर्यंत दुसऱ्या हंगामासाठी त्याला ठेवून घेतले ते फक्त रोमानियातल्या क्लबाने. तो जॉर्जियात असताना त्याच्या देशात युद्ध सुरू झाले आणि परतण्याचा विषय मागे पडला. गावातले घर बंद आहे. आई पोलंडमध्ये बहिणीकडे राहते.

सिंगापुरात खेळून गेलेल्या परदेशी बास्केटबॉलपटूंची माहिती मी संकलित करते आहे. त्या कामात ओस्तापचे सांगणे मी सामन्यांच्या उपलब्ध नोंदींशी ताडून पाहिले. ते जुळते. सायप्रसमध्ये आपण संघाचे कर्णधार होतो, असे मात्र तो म्हणतो. त्याला दुजोरा मिळालेला नाही. ही शंका मुळात माझी नव्हे. ती शिवदास दाभाडे यांनी काढली, आणि ती त्यांनी का काढली याचा माग घेता घेता ओस्तापवरचे टिपण बाजूला राहून हे लिहून झाले.

शिवदास मूळचे जालन्याचे. सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या संगणक विभागात ते नोकरी करतात. पत्नी सरिता आणि पंधरा वर्षांची मुलगी दीक्षा यांच्यासह तोआ पायोहमधल्या जुन्या ब्लॉकमध्ये राहतात. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आले होते, आता कायमचे रहिवासी आहेत. शनिवार-रविवारी ओस्तापच्या क्लबाच्या सामन्यांना ते मैदानाकडेच्या लांब टेबलावर बसत. प्रेक्षकांना त्या टेबलावरची माणसे क्वचितच दिसतात. तिथे कुणी गुण लिहितो, कुणी सामन्याचे घड्याळ चालवतो. शिवदासांकडे दुसरे घड्याळ होते, चोवीस सेकंदांचे.

चेंडू ताब्यात आल्यावर संघाला चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेक करावीच लागते. नाही केली तर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना जातो. तो चोवीस सेकंदांचा आकडा शिवदासांच्या हातातल्या लहानशा यंत्रावर होता आणि यंत्राचे बटण त्यांच्या अंगठ्याखाली. बाहेरून चेंडू मैदानात टाकला, की आतल्या खेळाडूचा त्याला हात लागेल त्या क्षणी बटण दाबायचे. आधी नाही, नंतर नाही. खेळाडू कोण, कसा, कुणाचा लाडका, याच्याशी त्या अंगठ्याला कर्तव्य नसते. सहा हंगाम त्यांनी हे काम केले. त्यांच्याविरुद्ध तक्रार झाल्याचे मला कुणीही सांगितले नाही, आणि मी पुष्कळांना विचारले.

त्यांच्या घरी मी प्रथम गेले ती रविवारची दुपार होती. जय भीम झाले, पाणी झाले. दीक्षा सोफ्यावर आडवी पडून फोनवर ओस्तापच्या जुन्या सामन्यांचे तुकडे पाहत होती.

“सहा देश,” शिवदास मला म्हणाले. “लोकांना वाटतं, केवढा खेळाडू. मी म्हणतो, चांगला असता तर पहिल्याच देशानं सोडला असता का?”

“बाबा, तुम्ही तर एका पण देशात नाही खेळलात,” दीक्षा फोनवरून नजर न काढता म्हणाली.

“मी विद्यापीठाकडून खेळलोय.”

“दॅट वन नॉट कंट्री, लाह,” तिने सिंगापुरी इंग्रजीत उडवून लावले.

सरिताताई हात पुसत बाहेर आल्या. “अनुया, तू यांचं सगळं लिहून घेऊ नकोस हं. वीस वर्षं संसार केला, मला सवत नव्हती. आता आली, सहा फूट दहा इंचांची. सकाळी उठल्यापासून तिचंच नाव.”

“सरिता.”

“खोटं आहे का? काल बाजारात बांगडे निवडता निवडता सांगतायत, तो उडीच मारत नाही, नुसता उभा राहतो. मासेवाली आंटी बांगड्यांकडे बघायला लागली.”

दीक्षा हसली. शिवदास हसले नाहीत. “पण नाहीच मारत तो उडी,” ते म्हणाले. “गुडघा गेलाय त्याचा. मला दिसतं. आणि त्या कॅप्टनकीचं जरा बघ तू. सायप्रसला कॅप्टन होता म्हणे. कुणी विचारलंय का सायप्रसला?”

या असूयेला इतिहास होता, आणि तो त्यांनी सांगितला तसाच इथे देते. त्याची शहानिशा करून देणारे मला कुणी सापडलेले नाही. विद्यापीठाच्या संघात शिवदास पुढच्या फळीत खेळत. शेवटच्या वर्षी एका सरकारी खात्याच्या संघासाठी खेळाडूंच्या कोट्यातून निवड होणार होती. निवड चाचणी नागपुरात होती. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावले. त्यांनी पुण्याची गाडी धरली. आपण त्या संघात निवडले गेलो असतो, याविषयी शिवदासांच्या मनात यत्किंचितही संशय नाही. माझ्या मनात आहे. परंतु गुडघा गेलेला, उडी न मारणारा एक माणूस त्याच खेळावर सहा देश हिंडून आपल्यासमोर येतो तेव्हा असा संशय उपयोगी पडत नसावा, हेही मला कळते.

त्यात ओस्ताप त्यांना ‘अंकल’ म्हणे. सिंगापुरात वडीलधाऱ्या पुरुषाला अशीच हाक मारतात; टॅक्सीवाला अंकल, चहावाला अंकल. ओस्तापने ती चाल उचलली होती. प्रत्येक सामन्याआधी तो टेबलापाशी येऊन सगळ्यांशी हात मिळवी आणि शिवदासांपाशी आला की म्हणे, “अंकल, ऑल गुड?” त्याचे वय छत्तीस, शिवदासांचे सत्तेचाळीस. “अंकल कुणाला म्हणतो?” शिवदास मला म्हणाले. “मी त्याच्याहून वेगानं पळेन अजून.”

पण त्यांना खरे खुपत होते ते निराळेच. ओस्तापजवळ एक युक्ती होती. सामना संपत आला, संघ मागे पडला, की बाहेरून येणारा चेंडू तो झेलत नसे. सहकारी चेंडू हळूच जमिनीवरून सोडी आणि ओस्ताप त्याच्या शेजारून वाकून, हात वीतभर अंतरावर ठेवून, चालत राही. स्पर्श नाही, म्हणून घड्याळ नाही. चेंडू घरंगळत अर्ध्या मैदानापर्यंत जाई आणि प्रतिस्पर्धी अंगावर आला की मगच तो उचली. फुकटचे दोन-तीन सेकंद. लोक टाळ्या वाजवत. शिवदास म्हणत, “म्हातारपणाचे चाळे. पाय चालत नाहीत म्हणून चेंडूला चालवतो.” आपण महाविद्यालयात असताना हे कुणालाच कसे सुचले नाही, असे ते एकदा म्हणाले आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळले.

हंगामाचा शेवटचा सामना आला तेव्हा ओस्तापचे काय होणार, ही चर्चा उघडच चालली होती. क्लबाने एका तरुण, उंच, धडधाकट परदेशी खेळाडूला सरावासाठी बोलावले होते. निर्णय या सामन्यानंतर होणार होता. करार संपला की पास रद्द, आणि पास रद्द झाल्यावर महिनाभरात देश सोडायचा, हे त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. निघण्याआधी सगळे चहाला बसले असताना शिवदास म्हणाले, “हरले की जाईल तो.”

“कुठं जाईल?” सरिताताईंनी विचारले.

“एजंट असतो त्यांचा. तो बघेल.”

“आपला पास अडकला होता तेव्हा कोण एजंट होता, अहो?”

शिवदासांनी कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. “चला,” ते म्हणाले, “उशीर होतोय.”

मी सरिताताई आणि दीक्षासोबत टेबलाच्या अगदी मागच्या रांगेत बसले होते. पुढचे सारे मी स्वतः पाहिलेले आहे. तो तरुण खेळाडूही समोरच्या बाजूला पाय पसरून बसला होता. ओस्ताप बरा खेळत होता, फार नव्हे. शेवटच्या मिनिटात पाहुण्या संघाने बास्केट केली आणि क्लब एका गुणाने मागे पडला. अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ उरला होता. ओस्तापच्या सहकाऱ्याने चेंडू बाहेरून जमिनीवर सोडला.

ओस्ताप वाकला. चेंडू घरंगळू लागला. सभागृहात हशा पिकला, दीक्षा उभी राहून ओरडली, “गो, ओस्ताप!”, आणि मला शिवदासांची पाठ दिसत होती. मान चेंडूकडे नव्हती. ती वर, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे होती. बास्केटवरचा चोवीसचा आकडा तेवीस झाला, बावीस झाला. ओस्तापचा हात अजून चेंडूला लागलेला नव्हता.

ते कुणाच्याच ध्यानात आले नाही. शेजारी सामन्याचे घड्याळ चालवणाऱ्या मिस खू यांनी आपले बटण स्पर्श झाल्यावर, म्हणजे योग्य वेळी दाबले. ओस्तापने चेंडू पुढे नेला, एकदा दिला, परत घेतला, बास्केटकडे पाठ करून एकाला रेटत आत सरकला, वळला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू त्याच्या बोटांवर होता. निमिषभराने तो सुटला आणि जाळीतून खाली आला. पंचाने हात हलवून बास्केट रद्द केली.

पाहुण्यांच्या बाकावर माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली. ओस्ताप वाद घालायला गेला नाही. त्याने आकड्याकडे पाहिले, मग आपल्या तळहाताकडे, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तो उभा राहिला. हिशेब कुठे चुकला ते त्याला समजत नव्हते, आणि चूक आपलीच हे त्याने मान्य केल्यासारखे दिसत होते.

शिवदास हलले नाहीत. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही, सरिताताई म्हणाल्या, “यांना काय झालं?” इतका. मग त्यांचा हात वर गेला. पंच टेबलापाशी आला. शिवदास इंग्रजीत, आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “घड्याळ मी लवकर सुरू केलं. त्यानं चेंडूला हात लावण्याआधी. भोंगा चुकीचा आहे.”

“खात्री आहे?” पंचाने विचारले.

“तिचं घड्याळ बघा. माझ्याशी जुळणार नाही.”

मिस खू यांनी आपला आकडा दाखवला. त्या शिवदासांकडे पाहत होत्या. तिन्ही पंच एकत्र जमले, पाहुण्यांचा प्रशिक्षक टेबलावर हात आपटून गेला, आणि बास्केट मान्य झाली. उरलेल्या सेकंदांत पाहुण्यांची फेक रिंगला लागून बाहेर पडली. ओस्तापला सहकाऱ्यांनी उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला गेला नाही.

घरी परतताना एमआरटीच्या गाडीत दीक्षा वडिलांच्या शेजारी बसली. “बाबा, मिस्टेक होती ना? ॲक्सिडेंट?”

“हात गेला,” शिवदास म्हणाले.

“पण कसा गेला?”

“गेला.”

हा हात चुकून गेला की मनाने नेला, याचा निवाडा करणारा पुरावा माझ्याजवळ नाही. चित्रफितीत टेबल दिसत नाही. तीच युक्ती त्या हंगामात त्यांच्यासमोर अनेकदा झाली होती आणि अंगठा प्रत्येक वेळी थांबला होता, एवढेच मी नोंदवू शकते.

क्लबाने ओस्तापला आणखी एक हंगाम दिला. रोमानियानंतर प्रथमच त्याला कुणी ठेवून घेतले. शिवदासांना टेबलाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी फोन करून त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि पुढल्या हंगामाच्या वेळापत्रकातून नाव काढले. ते त्यांनी निमूट ऐकून घेतले. त्यांना लागले ते दुसरेच. ओस्तापची मुलाखत घेताना मी त्या सामन्याबद्दल विचारले होते. तो म्हणाला, “हां, एका अंकलचं घड्याळ चुकलं होतं, मग त्यानं दुरुस्त केलं. जॉर्जियात माझ्या बाबतीत असंच झालं, तिथं कुणी दुरुस्त केलं नव्हतं.” आणि तो मंगोलियातल्या थंडीविषयी बोलू लागला. हे मी शिवदासांना सांगितले.

“नाव नाही घेतलं?”

“नाव त्याला माहीत नसावं, काका.”

“सबंध वर्ष हात मिळवत होता,” ते म्हणाले. “हात मिळवताना नाव विचारायला काय जातं? सायप्रसमध्ये कॅप्टन होऊन काय शिकला मग?”

नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला दीक्षाच्या हट्टाने तिकिटे काढली गेली. टेबलावर शिवदासांच्या खुर्चीत एक तरुण होता. ते थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, “बरा करतोय,” म्हणाले, आणि मग त्यांनी ओस्तापवर नजर ठेवली ती काढली नाही. दुसऱ्या सत्रात ओस्तापने पाठमोरा सरकून, वळून, उडी न मारता चेंडू जाळीत टाकला. सभागृह उठले. शिवदास बसून राहिले.

“पावलं जास्त टाकली त्यानं,” ते म्हणाले. “पंचाला दिसलं नाही.”

“अहो, तुम्हीच ठेवून घेतलात ना त्याला?” सरिताताई वाकून त्यांच्या कानाशी म्हणाल्या. “मग आता तरी टाळ्या वाजवा.”

“म्हणूनच वाजवत नाही,” शिवदास म्हणाले. “बाकीच्यांना फक्त तो खेळताना दिसतो. मला माझा अंगठाही दिसतो.”